टायर लांबचा, हात गल्लीतला

या लेखाचे निमित्त अगदी घरगुती आहे. 2024 च्या पावसाळ्यात माझ्या जुन्या मोटारीचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले. सांगलीतल्या ओळखीच्या दुकानात भाव विचारला, घरी येऊन मोबाईलवर पाहिला, तर तोच टायर नगामागे सातशे रुपयांनी स्वस्त. मी दोन मागवले. आठवड्याने ते घरपोच आले. डिकीत टाकून मी ते बसवायला नेले ते त्याच दुकानात, जिथे आधी भाव विचारला होता.

दुकान चालवणारा मुलगा तिशीतला. त्याचे वडील माझ्या वडिलांच्या ट्रकचे टायर बसवायचे. त्याने टायर हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काका, घ्यायला लांब गेलात आणि बसवायला आमच्याकडं आलात होय?" मग त्याने टायरच्या अंगावर लंबगोलात उठवलेले चार आकडे दाखवले: 3121. म्हणजे 2021 सालचा 31 वा आठवडा. माझा 'नवा' टायर तीन वर्षे कुठल्यातरी गोदामात पडून होता. परत पाठवायचे म्हटले तर आणखी दहा दिवस, आणि गाडी उद्याच लागणार होती. टायर बसले, व्हील बॅलन्सिंग झाले, मी पैसे दिले. पावतीवर त्याने पेनाने लिहिले होते: 'टायर गिऱ्हाइकाचा. फक्त मजुरी.'

त्या चार शब्दांनी मला कामाला लावले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सहकारी बँकेतली कारकुनी सांभाळून गेली वीस वर्षे वाहनांच्या इतिहासाची टिपणे काढतो आहे, एवढाच माझा अधिकार. प्रश्न असा पडला की, टायर विकणारा आणि टायर बसवणारा ही दोन माणसे वेगळी केव्हा झाली? आणि वेगळी झाल्यावर टायरची जबाबदारी कोणाकडे राहिली?

चिकटलेला टायर सुटा झाला

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरचे, 1845 सालचे. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचे कवच अशी त्याची रचना होती. 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून चाचणी झाली. गाडी हलकी आणि बिनआवाजी चालली, पण ते सारे महाग पडत होते. लोक थॉमसनला विसरले. 1888 मध्ये बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. पुढे थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचे पेटंट रद्द ठरले. टायर मात्र डनलॉपच्या नावाने जगभर गेला.

डनलॉपचा हा टायर चाकाला कापडाने गुंडाळून डिंकाने चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे तर तासन् तास सोलत बसावे लागे आणि पुन्हा चिकटवून रात्रभर वाळत ठेवावे लागे. 1889 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ इथल्या मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात असाच एक पंक्चर झालेला टायर दुरुस्तीला आला. त्या त्रासातून 1891 मध्ये त्यांनी काढता-घालता येणारा टायर तयार केला. त्याच वर्षी शार्ल तेराँ या सायकलपटूने त्यावर सुमारे 1,200 किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिननी स्वतः पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि वाटेत मुद्दाम खिळे पेरले. टायर फुटणारच, पण तो झटपट बदलता येतो, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचे होते.

एरवी हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात बाजाराचा एक टप्पा दिसतो. टायर चाकाला चिकटलेला होता तोवर तो चाकाचाच भाग होता आणि तो विकणे व बसवणे हे एकच काम होते. तो सुटा झाला तेव्हा तो वेगळा विकता, साठवता आणि लांबवर पाठवता येण्याजोगा माल झाला.

पार्सलने आलेला टायर

हा माल लांबवर पाठवण्याची पहिली मोठी व्यवस्था अमेरिकेत उभी राहिली. तिथे 1 जानेवारी 1913 रोजी टपाल खात्याने पार्सल सेवा सुरू केली. आधी 11 पौंडांची मर्यादा होती, ती लवकरच वाढवण्यात आली. शेतावर राहणारा माणूस शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीचा जाडजूड कॅटलॉग चाळून घड्याळापासून नांगरापर्यंत काहीही मागवू शकत होता. त्याच्या दारात बहुधा फोर्डची 'मॉडेल टी' असे. 1926 मध्ये सिअर्सने 'ऑलस्टेट' नावाचा स्वतःचा टायर बाजारात आणला. हे नाव देशभर स्पर्धा घेऊन निवडले होते. पुढे याच नावाची विमा कंपनी निघाली आणि ती टायरपेक्षा मोठी झाली.

ऑलस्टेट टायर सिअर्स बनवत नव्हती. त्यासाठी तिने गुडइयरशी 1926 मध्येच करार केला होता. उत्पादनखर्च आणि त्यावर ठरावीक नफा, एवढ्या दरात गुडइयर सिअर्सला टायर देई. गावोगावचे गुडइयरचे दुकानदार त्याच कारखान्याचा टायर बराच महाग घेत. गिऱ्हाईक दुकानात येऊन भाव विचारी आणि सिअर्सकडून माल घेई. म्हणजे मी सांगलीत जे केले ते शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला शेतकरी करत होता.

दुकानदारांची तक्रार फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेली. 1933 मध्ये कमिशनने गुडइयरवर कारवाई सुरू केली आणि 1936 मध्ये हा भेदभाव थांबवण्याचा हुकूम दिला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना एकच माल वेगवेगळ्या भावाने देऊन स्पर्धेला धक्का लावण्यास या कायद्याने बंदी घातली. गुडइयरने सिअर्सशी असलेला करार संपवला. 1939 मध्ये अपील कोर्टाने कमिशनचा तो हुकूम रद्द केला, पण कायदा आजही पुस्तकात आहे.

तीस ग्रॅमची गोष्ट

त्या काळच्या कॅटलॉगच्या गिऱ्हाइकात आणि माझ्यात एक महत्त्वाचा फरक आहे. मॉडेल टीचा अरुंद टायर रिमच्या कडेत अडकवलेला असे. दोन लोखंडी पट्ट्या, हातपंप आणि थोडी शिवीगाळ एवढ्या भांडवलावर शेतकरी तो स्वतः बसवी. टायर पार्सलने आला तरी बसवणारा हात त्याचा स्वतःचाच होता.

पुढे गाड्यांचा वेग वाढला. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात मिशेलिनचा रेडियल टायर आला आणि अमेरिकेत गुडरिचचा ट्यूबलेस टायर आला. टायरची कड रिमला इतकी घट्ट बसू लागली की यंत्राशिवाय ती निघेना. मग बॅलन्सिंग आले. त्याचे गणित मी वहीत मांडून पाहिले. माझ्या गाडीचा टायर 165/80 आर 14 मापाचा. रिमच्या कडेला एका बाजूला फक्त 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर ताशी 100 किलोमीटरला ते चाकाला साडेचार किलोच्या आसपास जोराने ओढते, तेही सेकंदाला चौदा वेळा. स्टिअरिंग थरथरते, टायर एकाच जागी झिजतो, बेअरिंग लवकर जाते. दुकानातला मुलगा टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे टायरची हलकी बाजू, व्हॉल्व्हजवळ आणतो, चाक यंत्रावर फिरवतो आणि रिमला वजनाचा बारीक तुकडा ठोकतो, तो यासाठी. हे काम पार्सलात येत नाही.

त्यात जोखीम आहे, ती वेगळीच. लहानपणी मी वडिलांबरोबर ट्रकचे चाक भरताना पाहिले आहे. त्या रिमला लोखंडी लॉकरिंग असे. ती नीट बसली नाही तर हवेच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखी उडे. या मुलाचे वडील चाकाला साखळी गुंडाळत, आम्हा पोरांना रस्त्याच्या पलीकडे हाकलत आणि स्वतः चाकाच्या बाजूला उभे राहून हवा भरत. अमेरिकेत अशा रिमांनी इतकी माणसे मारली की 1980 मध्ये सरकारला कामगार सुरक्षेचा खास नियम करावा लागला. त्यात लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून हवा भरण्याची आणि कामगाराला प्रशिक्षण देण्याची सक्ती झाली. आपण 'फक्त मजुरी' म्हणतो, तिच्यात हेही धरलेले असते.

कॅटलॉग आणि गॅरेज

इंटरनेट आले तेव्हा लांबून टायर विकणाऱ्यांसमोर हीच अडचण उभी राहिली. 1979 मध्ये स्थापन झालेल्या 'टायर रॅक' या अमेरिकी कंपनीने त्यावर उपाय काढला. गावोगावच्या गॅरेजांची यादी ठेवायची, गिऱ्हाइकाने त्यातले एक निवडायचे आणि टायर थेट तिकडे पाठवायचा. मजुरीचा दर आधीच कळतो. माल कंपनीचा, हात गल्लीतला.

मे 2018 मध्ये ॲमेझॉनने असाच करार केला. ॲमेझॉनवर घेतलेले टायर बसवून देण्याचे काम ज्यांच्याकडे गेले, ती गॅरेजे होती सिअर्सची! 1926 मध्ये जिने कॅटलॉगच्या जोरावर गावच्या दुकानदाराला हैराण केले, तीच कंपनी आता नव्या कॅटलॉगवाल्याचे टायर मजुरीवर बसवणार होती. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच्या उलट घटना डिसेंबर 2021 मध्ये जाहीर झाली. 1960 मध्ये मिशिगनमधल्या एका दुकानापासून सुरू झालेल्या आणि टायर विकून, बसवून वाढलेल्या 'डिस्काउंट टायर' या दुकानांच्या साखळीने टायर रॅकच विकत घेतली. बसवणाऱ्याने कॅटलॉगवाल्याला घेतले.

या सगळ्यावरून माझ्यापुरता निष्कर्ष असा. भाव कुठूनही खाली आणता येतो. 1926 मध्ये आणला गेला, आजही आणला जातो आणि गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टायर रस्त्यावर जाण्याआधी तो शेवटचा तपासणारा माणूस म्हणजे बसवणारा. तारीख त्याने वाचली. कडेला चीर आहे का तेही त्यानेच पाहिले. एकेकाळी या तपासणीचे पैसे टायरच्या किमतीत दडलेले होते, म्हणून ते कुणाला दिसत नव्हते. टायर दुसरीकडून आला की ते मजुरीत दिसायला हवेत आणि त्याच्या कामाची जबाबदारीही पावतीवर यायला हवी. माझ्या पावतीवर ती नव्हती, कारण माझा टायर आधीच जुना आहे हे त्याला कळले होते आणि मला घरी कळले नव्हते.

गेल्या महिन्यात मागचे दोन टायरही बदलायला झाले. या वेळी मी मोबाईलवरचा भाव त्यालाच दाखवला. तो म्हणाला, "एवढ्याला नाही जमणार काका, पण तीनशे कमी करतो. तारीख यंदाची देतो, आणि पाच हजार किलोमीटरनं बॅलन्सिंग परत बघून देतो." त्याने हे सगळे पावतीवर लिहून दिले. पहिली पावती आणि ही, दोन्ही माझ्या टिपणांच्या फायलीत लावून ठेवल्या आहेत.