कांगा लीग: पावसाळी क्रिकेटची कुळकथा

डॉ. (मेजर) एच. डी. कांगा क्रिकेट लीग ही मुंबईच्या हौशी क्लबांची साखळी स्पर्धा १९४८ साली सुरू झाली. भारतात क्रिकेटचा मुख्य हंगाम दिवाळीच्या सुमारास उघडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. कांगा लीग मात्र मुद्दाम पावसाळ्यासाठी आखली गेली. सामने रविवारी, सार्वजनिक मैदानांवर आणि न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर होत. एरवी बॅटी माळ्यावर जात ते महिने या स्पर्धेने खेळाचे केले.

मुंबईच्या क्लब क्रिकेटचे मूळ याच्या शंभर वर्षे आधीचे आहे. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे हिंदू आणि मुस्लिम समाजांतही क्लब निघाले आणि जिमखाने उभे राहिले. मोठे सामने मात्र समाजवार होत. १८९२ पासूनच्या युरोपियन विरुद्ध पारशी सामन्यांत १९०७ साली हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ सामील झाला. ही पंचरंगी स्पर्धा १९४५-४६ च्या हंगामानंतर बंद पडली. दोनच वर्षांनी उभी राहिलेली कांगा लीग वस्तीच्या, मैदानाच्या आणि मैत्रीच्या नात्याने जमलेल्या क्लबांची होती.

स्पर्धेला ज्यांचे नाव दिले गेले ते होरमसजी दोराबजी कांगा पेशाने डॉक्टर होते. पारशी संघाचे ते फलंदाज होते आणि पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातही होते. पुढे मुंबईच्या क्रिकेट संघटनेत त्यांनी काम केले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

लीगची रचना साधी आहे. ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांत क्लब विभागलेले असतात. गटात वर राहणारे संघ पुढच्या हंगामात बढती घेतात, तळाचे संघ एक पायरी खाली येतात. त्यामुळे ‘जी’ गटातल्या नवख्या क्लबालाही ‘ए’ गटाची वाट मोकळी असते आणि नामांकित क्लबाला आपली जागा दरवर्षी राखावी लागते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा ही या लीगची जुनी ठिकाणे. एकट्या आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या असल्याने एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा दिसतो. खेळाडूंना मानधन नसे. आठवडाभर बँकेत, गिरणीत किंवा कॉलेजात असलेली माणसे रविवारी क्लबाच्या तंबूत एकत्र येत.

या क्रिकेटचे तंत्र ओल्या मातीने घडवले. भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो आणि घाईने खेळलेला फटका हवेत उडतो. ऊन पडले की वरचा थर वाळतो, खाली ओल राहते. मग एक चेंडू छातीपर्यंत उसळतो आणि पुढचा घोट्यापाशी राहतो. मैदानात गवत माजलेले असल्याने जमिनीलगतचा चांगला ड्राइव्हसुद्धा सीमारेषेच्या अलीकडेच अडतो. म्हणून फलंदाज चेंडू शेवटपर्यंत पाहायला, हात मऊ ठेवून उशिरा खेळायला आणि योग्य चेंडू निवडून उचलून मारायला शिकतो. अशा विकेटवरच्या तीस-चाळीस धावा जाणकार शतकाच्या तोलाच्या मानतात. गोलंदाजाचीही परीक्षा असते: निसरड्या मातीत पाय रोवायचा, ओला चेंडू पुसून पकडायचा आणि टप्पा सोडायचा नाही.

या शाळेतून मोठे खेळाडू बाहेर पडले. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची चुरस प्रसिद्ध आहे. माधव मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर हे दादर युनियनचे. अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील हे शिवाजी पार्कचे. कसोटी खेळून आलेला फलंदाजही या सामन्यात कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या गोलंदाजीपुढे उभा राही आणि तिथे नावाला सवलत नसे. सचिन तेंडुलकर १९८४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबाकडून या लीगमध्ये उतरला.

पाऊस हीच लीगची ओळख आणि हीच तिची अडचण. सलग सरी लागल्या की रविवार वाया जातात आणि गुणतक्ता मोजक्या सामन्यांवर ठरतो. त्यामुळे वेळापत्रक पुढे ढकलावे की नाही हा वाद वेळोवेळी होतो. झाकलेल्या खेळपट्ट्या सर्वत्र रूढ झाल्यावर ओल्या विकेटचा सराव कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. पण सरावाच्या जाळीत न मिळणारे धैर्य आणि हातांची समज इथेच मिळते, म्हणून ही स्पर्धा जपणे अगत्याचे आहे.

क्लबांतून खेळाडू घडवण्याचे हेच काम विदर्भात विदर्भ क्रिकेट असोसिएशनची गुझदर लीग नागपुरात करते. बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडसारख्या गावांत क्रिकेट बहुधा टेनिस चेंडूवर वाढते, आणि तिथून लेदर चेंडूकडे जायला क्लब ही पहिली पायरी ठरते. नागपूरजवळच्या वलनी या कोळसा खाणीच्या वस्तीतला उमेश यादव टेनिस चेंडूवर खेळत मोठा झाला आणि विदर्भ जिमखान्यात आल्यावर लेदर चेंडूकडे वळला. २०११ मध्ये तो कसोटी खेळला. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये करंडक जिंकला. मुंबईची ओली विकेट विदर्भात नाही, पण गावाच्या मैदानावरून राज्याच्या संघाकडे जाणारा रस्ता दोन्हीकडे क्लबातूनच जातो.