फाईल पाठवायची की पत्ता?

परवा ऑफिसमध्ये एकाने विचारलं, "मेलची मर्यादा २५ एमबी आहे ना? मग माझी २० एमबीची पीडीएफ का जात नाहीये?"

उत्तर तसं एका ओळीचं आहे, पण त्यामागची गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी आहे. आणि त्या गोष्टीत माझीही एक फाईल हरवलेली आहे. शनिवार सकाळ आहे, चहा झालाय, तेव्हा आज सांगूनच टाकतो.

आधी माझी फाईल. माझे आजोबा पुण्यात नारायण पेठेत राहायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाच्या त्या दिवसाबद्दल ते तासन् तास बोलायचे. बाबांनी एकदा शहाणपणा करून त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवलं आणि ९० मिनिटांची एक कॅसेट भरून घेतली. आजोबा गेले. २००६ साली मी ती कॅसेट कॉम्प्युटरला जोडून एमपीथ्री केली. फाईल झाली ८६ एमबीची. शेवटाला प्लेअरने टेप गिळली, ती तुटली, पण म्हटलं जाऊ दे, आता डिजिटल झालंय ना!

न्यू जर्सीच्या आत्याला ते ऐकायचं होतं. जीमेलची तेव्हाची मर्यादा १० एमबी. म्हणून मी पहिल्या सहा मिनिटांचा तुकडा नमुना म्हणून मेलला जोडून पाठवला, आणि पूर्ण फाईल रात्रभर जागून एका फुकट साइटवर चढवली. लिंक पाठवली. लिंक सात दिवसांची होती. आतेभाऊ म्हणाला, वीकेंडला उतरवून घेतो. तो वीकेंड हुकला. आठव्या दिवशी तिथे 'फाईल उपलब्ध नाही' एवढीच पाटी. "परत चढवतो रे," असं मी म्हणालो, आणि ते राहिलं. मग काही महिन्यांनी माझी हार्ड डिस्क गेली.

झालं. गोष्ट संपली. पण आपण तिथे कसे पोचलो हे बघण्यासारखं आहे.

१९७१ साली अर्पानेट नावाचं जाळं अमेरिकेत नुकतं उभं राहत होतं. एका यंत्रावरची फाईल दुसऱ्या यंत्रावर न्यायची कशी, याचे नियम लिहिण्याचं काम एमआयटीतल्या एका तरुणाने केलं. त्याचं नाव अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा, १९६५ चा पदवीधर. एप्रिल १९७१ मध्ये त्याने लिहिलेला आरएफसी ११४ हा एफटीपीचा पहिला मसुदा. आपण ज्याला 'फाईल ट्रान्सफर' म्हणतो त्याच्या मुळाशी कानपूरचा एक मुलगा आहे, हे मला नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळलं. कॉलेजात एफटीपीचे पोर्ट नंबर मात्र तोंडपाठ करून घेतले होते!

त्याच १९७१ साली रे टॉमलिन्सनने दोन यंत्रांमधला पहिला ईमेल पाठवला. तो कसा? त्याच्याकडे एक फाईल कॉपी करणारा प्रोग्रॅम होता आणि एक निरोप ठेवणारा. त्याने दोन्हींची सांधेजोड केली. म्हणजे मेलचा जन्मच मुळी फाईल पाठवण्याच्या प्रोग्रॅममधून झाला. पुढे काही वर्षं मेल एफटीपीच्याच गाडीतून प्रवास करायचा, एफटीपीत त्यासाठी दोन वेगळ्या आज्ञा होत्या.

मग वाटण्या झाल्या. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने एसएमटीपीचा आरएफसी ८२१ लिहिला आणि मेलने वेगळी चूल मांडली. दोघांचा स्वभावच वेगळा. एफटीपी म्हणजे स्वतः जाऊन सामान आणणं. दोन्ही यंत्रं त्या क्षणी चालू हवीत आणि तिकडे तुमचं खातं हवं. मेल म्हणजे टपाल. एका ठाण्याने घ्यायचं, जपून ठेवायचं आणि पुढच्याने घेतल्यावरच आपली जबाबदारी सोडायची. समोरचा झोपलेला असला तरी चालतं. पण मग प्रत्येक ठाण्याला तुमचं बोचकं आपल्या डिस्कवर ठेवावं लागतं. एकच फाईल वेगवेगळ्या कंपन्यांतल्या चाळीस जणांना पाठवलीत तर निदान तितक्या प्रती ठिकठिकाणी पडतात. म्हणून प्रत्येक ठाण्याच्या रखवालदाराने आपापली मर्यादा घातली. २५ एमबी हा काही निसर्गनियम नाही. तो त्या त्या रखवालदाराचा निर्णय आहे.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. त्या एसएमटीपीला फक्त सात बिटांची साधी इंग्रजी अक्षरंच कळायची. चित्र, आवाज, प्रोग्रॅम या सगळ्यांत आठ बिटांचे बाइट. ते तसेच ढकलले तर वाटेत त्यांची खिचडी होणार. (मराठी पाठवायची तर तीच बोंब, पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.) मग युक्ती अशी: तीन बाइट घ्या, म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक निरुपद्रवी अक्षर लिहा. तीनाचे चार! १९८० साली बर्कलीत मेरी अ‍ॅन हॉर्टनने लिहिलेला यूयूएन्कोड हेच करायचा, आणि आजचा बेस६४ सुद्धा मुळात हेच करतो.

आता त्या सहकाऱ्याचं गणित करू. तीनाचे चार म्हणजे ३३ टक्के फुगवटा. दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ, ते धरून साधारण ३७ टक्के. २० एमबीची पीडीएफ वाटेत २७ एमबीची होते. म्हणजे २५ एमबीच्या पिशवीत खरं सामान मावतं जेमतेम १८ एमबी. बिचाऱ्याची फाईल १९८२ सालच्या सात बिटांना अडकली होती.

१९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं मानक आणलं आणि आपण ओळखतो ती अ‍ॅटॅचमेंट जन्माला आली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइनने पाठवलेल्या मेलमध्ये एक फोटो होता आणि गाणं होतं, त्याच्या स्वतःच्या चौघांच्या गायनमंडळाचं. पहिली अ‍ॅटॅचमेंट म्हणजे चार मित्रांचा आवाज. मला हे फार आवडतं.

पण मोठ्या फायलींचं काय, हा प्रश्न या लोकांना तेव्हाच पडला होता. माइमच्या त्या १९९२ च्या कागदातच दोन उपाय लिहून ठेवलेत. एक, मोठ्या मेलचे तुकडे करून पाठवा, पलीकडचा प्रोग्रॅम ते जोडून घेईल. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये ही सोय होती, पण एक तुकडा हरवला की बाकीचे नुसती अडगळ. दुसरा उपाय असा: मेलमध्ये फाईल घालूच नका. ती कुठल्या एफटीपी सर्व्हरवर, कुठल्या नावाने ठेवली आहे तेवढंच लिहा. वाचणारा जाऊन घेऊन येईल.

म्हणजे 'फाईल नको, पत्ता पाठवा' ही कल्पना अ‍ॅटॅचमेंटइतकीच जुनी आहे, तिची जुळी बहीणच. फक्त तेव्हा सामान्य माणसाकडे फाईल ठेवायला सर्व्हरवर जागा नव्हती.

आपल्याकडे तर साधी लाइन मिळण्याचीच मारामार. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं. ९.६ केबीपीएसच्या जोडणीवर एक एमबी जायला जवळजवळ १५ मिनिटं, त्यात मेलचा फुगवटा धरला तर २०. आणि तेवढ्यात घरात कुणी फोन उचलला की पहिल्यापासून! त्यामुळे आमच्या पिढीचं फाईल ट्रान्सफर म्हणजे १.४४ एमबीच्या फ्लॉप्या. आर्ज किंवा रार करून सात फ्लॉप्यांवर भरायचं, बसने मित्राकडे जायचं, आणि सहावी फ्लॉपी खराब निघाली की हात हलवत परत यायचं.

हसू नका, हा उपाय आजही मोडीत निघालेला नाही. एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची निरीक्षणं घेतली. विदा काही पेटाबाइट होता, तो विमानाने हार्ड डिस्कवरून गेला. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीचाही या मोहिमेत भाग होता. तिकडे हिवाळ्यात विमानं उतरत नाहीत, म्हणून तिथल्या डिस्क डिसेंबरपर्यंत वाट बघत बसल्या. एप्रिल २०१९ मध्ये जगाने जे नारिंगी कडं पाहिलं, त्या कामातली विदा अशी पेट्यांतून गेली होती.

असो. २००४ हे वर्ष महत्त्वाचं. हॉटमेल २ एमबी जागा देत होतं तेव्हा १ एप्रिलला जीमेल १ जीबी घेऊन आलं. तारखेमुळे लोकांना ते एप्रिल फूल वाटलं. डिस्क स्वस्त झाल्या होत्या, आणि आता ती जुळी बहीण पुढे आली. यूसेंडइट, रॅपिडशेअर, मेगाअपलोड... ब्राउझरमधून फाईल चढवा, लिंक मित्राला पाठवा. २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सर्वांसाठी खुलं झालं. ड्रू ह्यूस्टन सांगतो की बोस्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या बसमध्ये पेन ड्राइव्ह घरी विसरल्याचं लक्षात आलं आणि तिथेच त्याने कोड लिहायला घेतला. २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधून वीट्रान्सफर आलं. २०१२ मध्ये जीमेलनेच ड्राइव्हमधून १० जीबीपर्यंतची फाईल मेलमध्ये घालायची सोय केली. म्हणजे घातल्यासारखी. जातो फक्त पत्ता.

आणि पत्त्यांचं पुढे काय झालं? मेगाअपलोड १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकी सरकारने बंद पाडलं, आणि चोरीच्या सिनेमांबरोबर ज्यांच्या स्वतःच्या कामाच्या फायली तिथे होत्या तेही अडकले. यूसेंडइटचं २०१३ मध्ये नाव बदललं. रॅपिडशेअर ३१ मार्च २०१५ ला बंद. मोझिलाचं फायरफॉक्स सेंड २०१९ मध्ये आलं, लोक त्यातून व्हायरस पाठवू लागले म्हणून २०२० मध्ये गेलं.

आता कुणी म्हणेल, लिंकच बरी. खरं आहे. चाळीस जणांना एकच प्रत दाखवता येते, चूक सुधारली की सगळ्यांना सुधारलेली दिसते, नको तेव्हा परवानगी काढून घेता येते. पॅन कार्डाची प्रत सात दिवसांनी नाहीशी झाली तर उत्तमच. मीही रोज लिंकच पाठवतो.

पण आपण 'पाठवली' हे क्रियापद दोन्हींना वापरतो, तिथे फसगत होते. अ‍ॅटॅचमेंट पाठवली की तुमच्याकडे एक आणि माझ्याकडे एक, वस्तू दोन होतात. लिंक पाठवली की वस्तू एकच राहते, आणि तीही तिसऱ्याच्या फळीवर. ज्या ढिसाळपणाला आम्ही इंजिनियर नाकं मुरडतो, म्हणजे ठिकठिकाणी पडलेल्या प्रती, त्यालाच साध्या भाषेत जपणूक म्हणतात.

मी त्या साइटला बरीच वर्षं शिव्या घातल्या. पण तिने सात दिवस सांगितले होते आणि सात दिवस पाळले. चूक माझी होती. पत्ता दिला म्हणजे वस्तू पोचली, असं मी धरून चाललो. आता लिंक पाठवली की मेलमध्ये मुदतीची तारीख लिहितो, 'उतरवून घेतलीस का?' असा फोन करतो, आणि हो म्हणेपर्यंत मूळ फाईल दोन डिस्कवर ठेवतो. घरचे याला माझा छांदिष्टपणा समजतात. समजू देत.

गेल्या दिवाळीत आत्या पुण्याला आली होती. फराळ करता करता म्हणाली, "अरे, तो आबांचा आवाज आहे माझ्या मेलमध्ये." वीस वर्षांपूर्वीचा तो नमुना! सहा मिनिटं. बेस६४ने फुगलेला, आठ एमबीचा, तिच्या इनबॉक्सच्या तळाशी तसाच पडून. आम्ही सगळे मोबाईलभोवती बसलो. आजोबा सांगताहेत की सकाळी नदीकडून कुणीतरी ओरडत आलं, पाणी येतंय म्हणून, आणि त्यांनी आधी आजीला हाक मारली, आणि मग...

मग फाईल संपते. पुढची ८४ मिनिटं लिंकवर होती.