गथ्रीचं मांजर दांड्याला अंग का घासत होतं?

बी.एड. किंवा नेट-सेटची तयारी करताना थॉर्नडाइकचं मांजर तुम्हाला भेटलेलं असणारच. प्रयत्न-प्रमाद उपपत्ती, पिंजरा, बाहेर ठेवलेलं खाणं, दोन गुणांचं उत्तर. गथ्रीच्या मांजराला मात्र पाठ्यपुस्तकात जेमतेम एक ओळ मिळते. संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी मला ते जास्त कामाचं वाटतं. कसं ते बघू.

एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी हे प्रयोग मांडले. भुकेलं मांजर पेटीत कोंडायचं आणि दोरी ओढून किंवा खिटी दाबून बाहेर पडायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. वेळ हळूहळू कमी होत गेला. म्हणजे मांजराला एकदम काही उमगत नव्हतं, सवय लागत होती.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एडविन गथ्रीचा प्रश्न वेगळा होता. वेळ राहू द्या, सुटकेच्या क्षणी मांजराची हालचाल नेमकी कोणती असते? जॉर्ज हॉर्टनबरोबर त्याने समोरून काच असलेली पेटी तयार केली. आत एक उभा दांडा. तो कुठल्याही दिशेने जरासा हलला की दार उघडायचं आणि त्याच क्षणी कॅमेरा फोटो टिपायचा. सुमारे ८०० सुटकांची निरीक्षणं झाली आणि १९४६ मध्ये पुस्तक आलं.

फोटो थक्क करणारे होते. मांजर पुन्हा पुन्हा जवळजवळ त्याच पवित्र्यात दिसायचं, दांड्याला गाल किंवा कूस घासताना. गथ्रीने अर्थ लावला तो असा: सुटकेच्या क्षणी जी हालचाल झाली, ती त्या परिस्थितीशी जोडली गेली. त्यासाठी बक्षीस लागत नाही, दोन गोष्टींचं सान्निध्य पुरतं. हाच त्याचा सान्निध्याचा सिद्धांत.

आता एक साधा प्रश्न विचारा. हे सगळं चालू असताना संशोधक कुठे होते? मांजराला दिसतील असे, पेटीच्या समोर.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना उत्तर एव्हाना सुचलं असेल. आपण संध्याकाळी घरी आलो की ते शेपटी ताठ उभी करून येतं, डोकं, गाल, कूस आपल्या पायाला घासतं आणि पायात घोटाळत राहतं. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. घासताना तो गंध मागे राहतो. शिवाय हे ओळखीच्या माणसाचं स्वागतही असतं. माणसापर्यंत पोहोचता आलं नाही तर जवळची खुर्ची, दाराची चौकट, जे मिळेल त्याला ते अंग घासतं. गथ्रीच्या पेटीत माणूस काचेपलीकडे होता आणि जवळ होता तो फक्त दांडा.

ही गोष्ट पडताळून पाहिली गेली १९७९ मध्ये. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या ब्रूस मूर आणि सुझन स्टटार्ड यांनी ‘सायन्स’मध्ये छोटासा लेख लिहिला. त्यांनी दांडा ठेवला, पण घासण्याबद्दल ना खाणं दिलं ना दार उघडलं. माणूस समोर दिसला की मांजरं दांड्याला अंग घासायची. माणूस दिसत नसला की घासत नसत. म्हणजे ती हालचाल पेटीत शिकलेली नव्हतीच. मांजराच्या जातीला ती उपजत येते, फोटो इतके सारखे दिसले ते त्यामुळेच.

यात आपल्यासाठी काय आहे?

पहिली गोष्ट, गथ्रीची सामग्री खोटी नव्हती. फोटो खरे, मोजणी खरी. चुकला तो अर्थ. म्हणून नोंदवहीत ‘काय दिसलं’ आणि ‘मला काय वाटतं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा.

दुसरी, ‘मी तिथे नसतो तर हेच घडलं असतं का?’ हा प्रश्न आराखड्यातच घाला. वर्गनिरीक्षण करताना तुम्ही शेवटच्या बाकावर बसता, तेव्हा शिक्षक रोजच्यासारखं शिकवतीलच असं नाही. तेही एक प्रकारचं स्वागतच.

तिसरी, आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर वाचा. पाउल लायहाउझेनचा मांजरांच्या वर्तनावरचा जर्मन अभ्यास १९५६ मध्येच छापून आला होता. प्राणी त्याच्या स्वतःच्या जगण्यात कसा वागतो हे पाहणारी ती परंपरा. अध्ययनाचे सिद्धांत मांडणारे आणि ही मंडळी, यांची वाचनाची कपाटंच बराच काळ वेगळी राहिली.

पण मूर-स्टटार्डच्या लेखाने ‘मांजर शिकतच नाही’ असं काही सिद्ध होत नाही, हेही लक्षात असू द्या. थॉर्नडाइकच्या पेटीतली दोरी ओढणं म्हणजे स्वागत नव्हे. कोसळला तो एका विशिष्ट हालचालीवर उभा केलेला पुरावा, तेवढाच.

आणि गथ्री-हॉर्टनचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पेटी कशी होती, दांडा कसा हलायचा, माणसं कुठे असायची हे त्यांनी मांडून ठेवलं, म्हणूनच ३३ वर्षांनी कुणालातरी चूक शोधता आली. गथ्री १९५९ मध्येच वारला होता, त्याला विचारायची सोय नव्हती. तुमच्या प्रबंधातलं ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण लिहिताना हात आखडता घेऊ नका. तुम्ही कुठे बसला होतात, तेही लिहा.