एक गिटार, दोन ॲम्प आणि पायाखालची डबी

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, गिटारवाल्यांच्या पायाशी एक डबी असते, तिच्यावर फक्त ए आणि बी लिहिलेलं असतं. ती आवाजात काहीच बदल करत नाही, मग ती कशासाठी?" प्रश्न मला आवडला. आज त्या डबीचाच इतिहास. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बरं का' मी थोडे कमी केलेत, सगळे नाही.

डबीचं काम अगदी साधं. गिटारची एक केबल आत जाते, बाहेर पडायला दोन वाटा असतात. बटण दाबलं की सिग्नल एका ॲम्पकडे, पुन्हा दाबलं की दुसऱ्याकडे. रेल्वेच्या रुळांवरचा सांधा बदलतात ना, तसं. जुनी अँबॅसडर चालवलेल्यांना आणखी जवळचं उदाहरण देतो. त्या गाडीत डिपरचं बटण पायाशी होतं. हात स्टिअरिंगवर गुंतलेले, म्हणून दिवा खालीवर करायचं काम डाव्या पायाकडे. गिटारवाल्याचेही दोन्ही हात गुंतलेलेच असतात.

पण मुळात दोन ॲम्प लागावेत कशाला? त्यासाठी 1960 च्या दशकात जावं लागेल.

त्या काळातला ॲम्प हा एका स्वभावाचा प्राणी होता. अमेरिकेत लिओ फेंडरच्या कारखान्यातला ट्विन रिव्हर्ब घ्या. स्वच्छ, काचेसारखा आवाज, कितीही वाढवला तरी बराच काळ स्वच्छच राहणारा. इकडे लंडनजवळ हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. 1962 मध्ये त्यांच्या माणसांनी फेंडरच्याच बेसमन ॲम्पच्या सर्किटवरून स्वतःचा ॲम्प बनवला, तो जेटीएम 45. पुढे पीट टाउनशेंडसारखे वादक म्हणायला लागले, आणखी मोठा पाहिजे. त्यातून 1965 च्या सुमारास 100 वॉटचे मार्शल आले. त्यांची गंमत अशी की व्हॉल्यूम पूर्ण चढवला की व्हॉल्व्ह ताणले जातात आणि आवाज फाटतो. हा फाटलेला आवाजच लोकांना हवा होता.

आता अडचण बघा. कडव्याला स्वच्छ आवाज हवा, सोलोला फाटलेला. एकाच ॲम्पवर दोन्ही कसं करणार? ॲम्पचा व्हॉल्यूम मधेच जाऊन फिरवता येत नाही. गिटारवरचं बटण उतरवून थोडं साधतं, आणि कित्येक दिग्गजांनी आयुष्यभर तेवढ्यावरच भागवलं. फझचा पेडल हा दुसरा उपाय. मेस्ट्रो फझ-टोन 1962 मध्येच बाजारात आला होता. पण पेडलचा फाटलेला आवाज आणि पूर्ण चढवलेल्या मार्शलचा फाटलेला आवाज यांत पिठल्यात आणि झुणक्यात असतो तेवढा तरी फरक असतोच. दोन्ही खाणारा माणूस एकाच्या जागी दुसरं चालवून घेत नाही. मग उरला एकच मार्ग. दोन्ही ॲम्प स्टेजवर आणायचे आणि मधे सांधा बसवायचा.

इथे एक छोटं वळण घेतो. एका गिटारला दोन ॲम्प जोडायची कल्पना याच्याही आधीची आहे, फक्त कारण वेगळं होतं. 1950 च्या दशकाच्या शेवटी घराघरांत स्टिरिओ रेकॉर्ड यायला लागल्या आणि गिटार कंपन्यांनाही स्टिरिओचं वेड लागलं. 1958 मध्ये ग्रेचने 'प्रोजेक्ट-ओ-सॉनिक' आणलं. त्यात जाड तारांचा आवाज एका ॲम्पमधून आणि बारीक तारांचा दुसऱ्यातून. 1959 मध्ये गिब्सनची ईएस-345 आली, 1960 मध्ये रिकनबॅकरचं 'रिक-ओ-साउंड'. या दोन्हींत गळ्याजवळचा पिकअप एका वाटेने आणि ब्रिजजवळचा दुसऱ्या वाटेने जायचा. हे फार चाललं नाही. माझं मत विचाराल तर कारण सरळ आहे: ते गिटार वाजवणाऱ्याच्या गरजेतून आलेलं नव्हतं, विक्री खात्यातून आलं होतं. ए-बी डबी मात्र गरजेतून आली.

डबी उघडली तर आत काय असतं? चांगल्या डबीत एक पायाचा स्विच, त्याला खाली नऊ पाय, तीनच्या तीन रांगा. एक रांग सिग्नल फिरवते. दुसरी रांग, आणि ही महत्त्वाची, ज्या ॲम्पकडे सिग्नल जात नाहीये त्याचं इनपुट जमिनीला जोडून टाकते. नाहीतर तो रिकामा ॲम्प अँटेनासारखा सगळा कचरा गोळा करतो आणि गुणगुणत बसतो. तिसरी रांग दिवा लावते, म्हणजे अंधारात कळतं की आपण कुठल्या ॲम्पवर आहोत. दिव्यासाठी नऊ व्होल्टची बॅटरी लागते. दिवा नको असेल तर बॅटरीचीही गरज नाही. रेडिओ दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर तासाभरात ही डबी बनवून देईल.

याच डबीचा थोरला भाऊ म्हणजे ए-बी-वाय. ए-बी म्हणजे 'हा किंवा तो', आणि वाय म्हणजे 'दोन्ही'. स्टीव्ही रे व्हॉन हा त्या 'दोन्ही'वाल्यांचा राजा. फेंडरचे व्हायब्रोव्हर्ब, सुपर रिव्हर्ब, शिवाय डंबल असे ॲम्प तो एकत्र वाजवायचा. त्याचा आवाज एवढा रुंद का वाटतो, याचं निम्मं उत्तर त्याच्या बोटांत आहे आणि निम्मं तिथे.

'किंवा'वाल्यांत माझा आवडता एरिक जॉन्सन. तोही टेक्ससचाच, ऑस्टिनचा. 1990 च्या 'आ वाया म्युझिकॉम' या अल्बममधला 'क्लिफ्स ऑफ डोव्हर' तुम्ही ऐकला असेल. त्या वादनाला 1992 मध्ये ग्रॅमी मिळालं. जॉन्सनच्या स्टेजवर आवाजाची तीन वेगळी घरं असायची: स्वच्छ आवाजासाठी फेंडर ट्विन, मधल्या खरखरीत ऱ्हिदमसाठी वेगळा ॲम्प आणि सोलोसाठी मार्शल. मधे पायाचे स्विच. प्रत्येक घराचे पेडलही त्या त्या वाटेवर, सांध्याच्या पुढे. याचा एक फायदा कान देऊन ऐकला तरच कळतो. स्वच्छ वाटेवर एको लावला असेल आणि तुम्ही स्विच दाबून सोलोच्या वाटेवर गेलात, तर स्वच्छ ॲम्पमधला एको एकदम तुटत नाही. तो मागे हळूहळू विरत राहतो आणि त्याच्यावर सोलो सुरू होतो. एकाच ॲम्पच्या आत चॅनल बदलून ही मजा सहज येत नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग.

दोन ॲम्प एका गिटारला जोडले की बहुतेक वेळा पहिली गोष्ट ऐकू येते ती घरघर. दोन्ही ॲम्पना आपापल्या प्लगमधून अर्थिंग आहे. डबीतल्या केबलच्या जाळीमुळे ते दोघे दुसऱ्या बाजूनेही जोडले जातात. झालं एक वेटोळं, आणि त्यातून विजेच्या लाइनची वारंवारता फिरायला लागते. आपल्याकडे ती 50 हर्ट्‌झ, म्हणजे खालच्या जी स्वराच्या किंचित वर. अमेरिकेत 60, म्हणजे बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे कुठेतरी. दोन्हीकडे ती कोणत्याच गाण्याच्या सुरात बसत नाही, हे मात्र खरं.

ही घरघर घालवायचा एक उपाय जगभर फिरतो आणि तो जीवघेणा आहे. एका ॲम्पची अर्थ पिन तोडायची. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा एका गणपतीच्या मांडवात हे समोर पाहिलंय. साउंडवाल्याने तीन पिनांच्या प्लगमधल्या वरच्या जाड पिनेवर काळी टेप गुंडाळली आणि तो प्लग एक्स्टेन्शन बोर्डात कसाबसा खुपसला. घरघर बंद. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आमच्या किबोर्डवाल्या काकांनी मात्र काही न बोलता तो प्लग उपटला, टेप काढली आणि म्हणाले, "घरघर चालेल रे, पण माईकवाली पोरगी आपल्याला परत घरी न्यायचीय."

काकांचं म्हणणं नीट समजून घ्या. अर्थ नसलेल्या त्या ॲम्पमध्ये काही बिघाड झाला आणि 230 व्होल्ट त्याच्या लोखंडी पेटीवर आले, तर जमिनीकडे जायला त्यांना एकच वाट उरते: ए-बी डबीतून दुसऱ्या ॲम्पकडे जाणारी केबलची बारीक जाळी. ती जाळी या कामासाठी बनवलेलीच नाही. ती जळाली, किंवा कोणी केबल उपटली, की तीच वाट तारांवर ठेवलेल्या बोटांतून आणि माईकला टेकलेल्या ओठांतून जाते.

ही नुसती भीती नाही. 3 मे 1972 ला वेल्समधल्या स्वान्सीत 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्टेजवरच गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागला होता. वय 27. चार वर्षांनी, 1976 मध्ये, 'यार्डबर्ड्‌स'चा गायक कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. तिथेही अर्थिंग नीट नव्हतं. ए-बी डबीचा या दोन्ही घटनांशी संबंध नाही, पण गिटार, माईक आणि अर्थिंग यांचं नातं त्या घटना स्पष्ट दाखवतात. त्यात जुन्या अमेरिकन ॲम्पना दोनच पिनांचा प्लग असायचा आणि मागे 'ग्राउंड' नावाचा एक स्विच. त्या स्विचला जोडलेल्या कपॅसिटरला दुरुस्तीवाले 'डेथ कॅप' म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही. असा ॲम्प कोणी हौसेने मिळवला असेल तर वाजवण्याआधी जाणकाराकडून तीन पिनांची वायर लावून घ्या.

घरघरीवरचा खरा उपाय जुनाच आहे, रेडिओ स्टेशन आणि स्टुडिओवाल्यांना तो केव्हापासून माहीत होता: ट्रान्सफॉर्मर. डबीच्या दोन वाटांपैकी एकीवर एकास-एक वेटोळ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेची जोडणी मात्र राहत नाही. वेटोळं तुटतं, घरघर जाते आणि दोन्ही ॲम्पची अर्थ पिन जागेवर राहते. दुसरी वाट सरळच ठेवायची, कारण गिटारच्या तारांनाही कुणाचं तरी अर्थिंग हवंच. कॅनडातल्या रेडिअल आणि जर्मनीतल्या लेले या कंपन्यांनी हे पेडलच्या आकारात आणून नाव कमावलं. महाग असतात. का, ते आता कळलं असेल.

आणखी एक दुखणं 'दोन्ही' वाजवताना येतं. एक ॲम्प सिग्नल सरळ देतो, दुसरा उलटा. एकाचा स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दोन ॲम्प लावूनही आवाज एकापेक्षा बारीक! फेंडरच्या 1960 च्या दशकातल्या रिव्हर्बवाल्या ॲम्पमध्ये तर एकाच पेटीतले दोन चॅनल एकमेकांच्या उलटे आहेत, कारण रिव्हर्बच्या वाटेवर व्हॉल्व्हचा एक टप्पा जास्त आहे. म्हणून चांगल्या डबीवर फेज उलटवायचं बटणही असतं.

पुढचं भराभर सांगतो. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रँडल स्मिथच्या मेसा बूगीने एकाच ॲम्पमध्ये स्वच्छ आणि फाटलेला असे दोन्ही आवाज पायाने बदलायची सोय केली, आणि कित्येकांचा दुसरा ॲम्प घरी राहिला. पाठीला आराम. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉने स्टीव्ह लुकाथरसारख्या स्टुडिओ वादकांसाठी वेगळाच विचार केला. पायाशी फक्त बटणं, आवाज तिथे येतच नाही. बटण हुकूम देतं आणि मागच्या रॅकमधले रिले पेडल आणि ॲम्प बदलतात. तिकडे नील यंगने तर 1959 च्या फेंडर डिलक्सवर 'व्हिझर' नावाचं यंत्र बसवून घेतलंय. पायाने बटण दाबलं की मोटर ॲम्पचं व्हॉल्यूमचं बटण खरोखर फिरवते. दुसरा ॲम्प नकोच, हाच ॲम्प फिरवा! असल्या हट्टाला माझा सलाम आहे.

आज ॲक्स-एफएक्ससारख्या यंत्रात दोन काय, हवे तेवढे ॲम्प सॉफ्टवेअरमध्ये असतात. वायची जोडणी म्हणजे पडद्यावरची एक रेघ. त्यात अर्थिंगचं वेटोळं होत नाही आणि फेज एका क्लिकवर उलटते. पण ते यंत्र शेवटी पीएला जोडलं जातं, पीएचा प्लग मांडवातल्या त्याच एक्स्टेन्शन बोर्डात जातो आणि बोर्डाची अर्थिंगची वायर कुठपर्यंत पोचलीय, हे बघायला आजही टेस्टर आणि वाकणारी कंबर लागते.

पुढच्या भागात टेप एको. टेपची रिळं, तिचा वास आणि ती ऐन कार्यक्रमात का तुटायची, ते सगळं. भेटू.