दधीचींच्या अस्थी आणि परमवीर चक्र

दधीची ऋषींची कथा गावोगावच्या कीर्तनांत अनेकांनी ऐकली असेल. वृत्रासुराचा वध व्हावा म्हणून ऋषींनी देह ठेवला, त्यांच्या अस्थींचे वज्र घडले आणि ते इंद्राच्या हाती आले. ही कथा आपल्या देशाच्या सर्वोच्च रणपदकावर कोरली गेली आणि ती कोरण्याची कल्पना एका मराठी घरच्या सुनेची, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये, वडील हंगेरियन, आई रशियन, माहेरचे नाव इव्ह. सैनिकी शिक्षणासाठी विलायतेस गेलेल्या विक्रम खानोलकरांशी त्यांची गाठ पडली. माहेरचा विरोध पत्करून त्या हिंदुस्थानात आल्या आणि १९३२ साली विवाह झाला. पुढे त्या मराठी, हिंदी, संस्कृत शिकल्या, पुराणांत इतक्या रमल्या की त्यांना परकीय म्हणणे कोणास सुचू नये. स्वातंत्र्यानंतर नव्या शौर्यपदकांची आखणी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी हे काम सावित्रीबाईंना सांगितले. बाईंना दधीची आठवले. पदकावर शिवछत्रपतींची भवानी तलवारही आहे असे कोणी कोणी सांगतात. पण पदक पाहिले तर मधोमध राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे, एवढेच दिसते. धातू साधे कासे, फीत जांभळी.

आता त्याच नात्यातले दुसरे घर. सावित्रीबाईंची कन्या कुमुदिनी ही सुरिंद्रनाथ शर्मा यांना दिलेली. हे घराणे कांगडा जिल्ह्यातील दाढ गावचे. वडील अमरनाथ शर्मा लष्करात डॉक्टर, मेजर जनरलपदापर्यंत चढलेले. मामा कॅप्टन कृष्णदत्त वासुदेव मलायात स्लिम नदीवरील पूल जपान्यांपासून राखताना पडले. थोरला मुलगा सोमनाथ दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या आघाडीवर लढला आणि तेथील कामगिरीबद्दल त्याचे नाव युद्धखलित्यात नोंदले गेले.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाल्यांची धाड आली, तेव्हा मेजर सोमनाथ कुमाऊं पलटणीत होते. हॉकी खेळताना डावा हात मोडलेला, प्लास्टरात. तरी आपल्या कंपनीबरोबर जाण्याचा त्यांनी हट्ट धरला. ३ नोव्हेंबरला श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगाम येथे शत्रूने तीन बाजूंनी घेरले. संख्येने तो सुमारे सातपट. विमानतळ गेला असता तर कुमक उतरणार कोठे? म्हणून माघार नाही. माणसे पडू लागली तेव्हा मेजर एका हाताने मशीनगनींच्या मॅगझीनमध्ये गोळ्या भरून जवानांना देत राहिले. शेवटपर्यंत लढू, असा निरोप त्यांनी मुख्यालयास धाडला. थोड्याच वेळात तोफगोळा शेजारच्या दारूगोळ्यावर येऊन फुटला. वय अवघे २४. पुढे देह सापडला तो ओळखू येण्यासारखा नव्हता. कमरेचे पिस्तुलाचे म्यान आणि खिशातली गीतेची पाने यांवरून ओळख पटली. पण शत्रू सहा तास रोखला गेला होता आणि तेवढ्यात कुमक पोचली.

परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले, तेही १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. पहिले मानकरी ठरले मेजर सोमनाथ, मरणोत्तर. म्हणजे बाईंनी जे वज्र रेखाटले, त्याचा पहिला मान त्यांच्या लेकीच्या थोरल्या दिरास मिळाला. ज्याने एका हाताने लढून देह ठेवला, त्याच्या वाट्याला दधीचीचे चिन्ह यावे हा योगायोग कोणी ठरवून घडवलेला नव्हता.

सोमनाथांचे बंधू सुरिंद्रनाथ लेफ्टनंट जनरल झाले, तर धाकटे विश्वनाथ १९८८ ते १९९० या काळात भूदलप्रमुख होते. विक्रम खानोलकर १९५२ साली निवर्तले. त्यानंतर सावित्रीबाईंनी रामकृष्ण मठाची वाट धरली, महाराष्ट्राच्या संतांवर ग्रंथ लिहिला आणि २६ नोव्हेंबर १९९० रोजी देह ठेवला.