जबलपूरची उखळ

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात डोळ्यांपुढे उभा राहतो. शहरालगतच्या बडा सिमला टेकडीची आठवण सहसा कोणास होत नाही. परंतु भारतातील डायनोसॉरच्या शोधाचा इतिहास याच परिसरात सुरू झाला, आणि या इतिहासाच्या मुळाशी आहे एक सांधा.

इ. स. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन या अधिकाऱ्यास येथे दगड बनलेली काही हाडे आढळली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून पुढे ज्याची ख्याती झाली, तोच हा स्लीमन. 'डायनोसॉर' हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी घडविला तो १८४२ साली. म्हणजे प्राणी आधी सापडला आणि त्याच्या कुळास नाव मागाहून मिळाले. या हाडांपैकी शेपटीचे दोन मणके कलकत्त्यास पोहोचले. १८७७ साली रिचर्ड लिडेकर यांनी मुख्यतः त्यांच्याच आधारे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या ज्या थरांतून अशी हाडे मिळतात, त्यांना जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून 'लमेटा' हे नाव पडले. हेच थर विदर्भातही आहेत; चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही या कुळातील प्राण्यांचे अवशेष मिळाले आहेत.

त्या मणक्यांत असे विशेष ते काय होते? प्रत्येक मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची बाजू चेंडूसारखी गोल होती. एकाचा गोळा पाठीमागच्या मणक्याच्या वाटीत बसे. मराठी शाळेतील मुले ज्याला उखळीचा सांधा म्हणतात, त्याच जातीची ही रचना. अवजड शेपटी वळावी, पण मणके एकमेकांवरून घसरू नयेत, असा दुहेरी लाभ तीमुळे मिळतो.

मनुष्याच्या कण्यात निसर्गाने निराळी वाट धरली. आपले चोवीस मणके हालते आहेत. पण त्यांत गोळा नाही आणि वाटीही नाही. मानेतील दुसऱ्या मणक्यापासून खाली माकडहाडाच्या वरपर्यंत दर दोघांमध्ये कूर्चेची लवचिक चकती असते. मणक्यांवर येणारा भार ती झेलते; मात्र ती फाटून आतील मऊ गर बाहेर आला आणि त्याचा दाब मज्जातंतूवर पडला, की कंबरेपासून पायापर्यंत कळा येतात.

खरी उखळ मानवी देहात आहे ती खांद्याला आणि खुब्याला. दोन्ही एकाच जातीचे, परंतु स्वभाव भिन्न. खुब्याची वाटी खोल. म्हणून तो पेलतो देहाचा भार आणि मोठ्या आघातावाचून सहसा निखळत नाही. खांद्याची वाटी उथळ; म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळतो तो खांदा, बहुधा पुढच्या बाजूस. स्वातंत्र्य वाढले की स्थैर्य घटते, हा सांध्यांचा नियमच आहे. घोट्याची गोष्ट आणखी वेगळी. पाऊल आत वळून मुरगळते तेव्हा हाड बहुधा शाबूत राहते. ताणले वा तुटतात ते बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध. गुडघ्यात दोन अर्धचंद्राकृती कूर्चा आहेत; पाय रोवलेला असताना अंग वळले, तर त्या फाटतात. कूर्चेस रक्ताचा पुरवठा फारच तुटपुंजा, म्हणून तिची जखम सहजी भरून येत नाही.

हा विचार भारतास नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांची संख्या दोनशे दहा दिली आहे : हातापायांत अडुसष्ट, धडात एकोणसाठ आणि मानेपासून वर त्र्याऐंशी. तेथे सांध्यांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्यांतली एक 'उलूखल'. काख, जांघ आणि दात यांचे सांधे तिच्यात मोडतात. आजच्या उखळीच्या सांध्याचे नाव याच शब्दाच्या वंशातले. सांधा निखळण्याचे सहा प्रकार निदानस्थानात येतात, आणि अवयव पसरता वा आखडता न येणे, तीव्र वेदना, स्पर्श न सोसणे ही लक्षणे तेथे नोंदली आहेत.

जबलपूरच्या मणक्यांचे भाग्य मात्र चमत्कारिक ठरले. ज्या सांध्यामुळे त्यांना नाव मिळाले, त्याच सांध्याने ते घालविले. पुढील काळात जगात अनेक ठिकाणी असे मणके मिळाले, आणि ही रचना एका जातीची नसून एका विस्तृत कुळाची ठरली. म्हणून २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी 'टायटॅनोसॉरस' हे नाव सोडून द्यावे असे प्रतिपादन केले. 'टायटॅनोसॉरिया' या मोठ्या गटाच्या नावात मात्र त्याची आठवण उरली.

दरम्यान ते दोन्ही मणकेही हरवले होते. नाव वादात, वस्तू बेपत्ता. शोधाचा पुरावा म्हणून केवळ जुनी वर्णने व चित्रे हाती उरली. अखेर २०१२ साली कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यांपैकी एक मणका पुन्हा सापडला. त्या शोधात धनंजय मोहबे यांचा वाटा मोठा होता. नाव राहो वा न राहो, मूळ वस्तू जपली गेली, तरच पुढच्या अभ्यासकास जुना निष्कर्ष पारखून घेता येतो. शास्त्रही सांध्यासारखेच असते. जुन्याची वाटी शाबूत असेल, तरच नव्याचा गोळा तीत नीट फिरतो.