भाषेत जपून ठेवलेलं बेट

आजचा भाग वडापावाच्या पोटातल्या एका शब्दापासून सुरू करूया. बटाटा.

पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडे आणला, इतपत बहुतेकांना माहीत असतं. पण पोर्तुगीजांनी तरी तो कुठून उचलला? स्पॅनिश लोकांकडून. आणि स्पॅनिश लोकांनी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून. तिथे तो रताळ्यासाठीचा शब्द होता, बटाट्याला नंतर चिकटला. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर उतरला आणि पुढच्या काही पिढ्यांत ताइनो भाषा बोलली जायची थांबली. पण ती ज्या अरावाक भाषाकुळातली, त्याच कुळातली एक भाषा मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर आजही ऐकू येते. गरिफुना. ही भाषा बोलणारे लोकही गरिफुनाच.

आजची गोष्ट या लोकांची. मी ती ऐकली डंगरीगात.

डंगरीगा बेलीझमध्ये आहे. मेक्सिकोच्या खाली, ग्वाटेमालाच्या शेजारी असलेला हा छोटासा देश १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी तो ब्रिटिशांची वसाहत होता आणि १९७३ पर्यंत त्याचं नाव होतं ब्रिटिश होंडुरास. बेलीझला येणारे बहुतेक पर्यटक विमानतळावरून थेट उत्तरेकडच्या बेटांवर जातात, डायव्हिंग करतात, फोटो काढतात आणि परततात. मी पाठीवर सॅक टाकून दक्षिणेकडची बस पकडली. ही बस म्हणजे अमेरिकेत निवृत्त झालेली स्कूल बस. सीट शाळकरी पोरांच्या मापाच्या, त्यामुळे गुडघे हनुवटीला. आधी बेल्मोपान, मग डोंगर, मग संत्र्याच्या बागा, आणि शेवटी समुद्र.

गाव शांत आहे. मधून एक खाडीसारखी नदी जाते, तिच्या तोंडाशी होड्या लावलेल्या, खांबांवर उभी केलेली लाकडी घरं, आणि गावात शिरताना एक स्मारक. त्यावर ना घोडेस्वार, ना तलवार. आहेत ते ढोल. मोठमोठे ढोल. स्मारक ढोलांचं का, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी २,५०० किलोमीटरहून लांबच्या एका बेटावर पोचले. मनाने, अर्थात.

त्या बेटाचं नाव सेंट व्हिन्सेंट. गरिफुना त्याला युरुमेन म्हणतात. सतराव्या शतकात तिथे कॅरिब लोक राहायचे. त्यांची भाषा मुळात अरावाक कुळातली, त्यात कॅरिब शब्दांची भर. गुलामांना घेऊन जाणारी जहाजं या बेटांजवळ फुटली आणि वाचलेले आफ्रिकन लोक किनाऱ्याला लागले, अशी परंपरा सांगते. त्यासाठी १६३५ हे साल सांगितलं जातं. दुसरी वाट होती बार्बाडोसची. सेंट व्हिन्सेंटच्या पूर्वेला साधारण १६० किलोमीटरवर बार्बाडोस, तिथे इंग्रजांचे उसाचे मळे, मळ्यांत गुलाम. आणि त्या समुद्रात वारा वाहतो पूर्वेकडून पश्चिमेकडे. म्हणजे रात्री एखादी होडी हाताला लागली, तर वारा तुम्हाला स्वातंत्र्याकडेच ढकलणार. आणि मागे आणायला येणाऱ्याला उलटं, वाऱ्याच्या तोंडावर यावं लागणार.

ही माणसं कॅरिब लोकांत मिसळली, लग्नं झाली, मुलं झाली. मुलं बोलायला लागली ती बेटावरची भाषा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे लोक अमेरिकेत आले ते आफ्रिकेतून, पण मळ्यावरचे गुलाम म्हणून नाही जगले. स्वतःची जमीन, स्वतःचं पीक, स्वतःचे सरदार. १६६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांनी तहात मान्यही केलं होतं की सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका ही बेटं कॅरिब लोकांची.

तह टिकला तो उसाचा भाव वाढेपर्यंत. १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने सेंट व्हिन्सेंट ब्रिटनच्या पदरात टाकलं. बेटावर राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मळेवाल्यांचा डोळा पूर्वेकडच्या सपाट, सुपीक जमिनीवर, आणि तिथे नेमके हे लोक. मग मोजणीदार आले, रस्ते आखायला लागले. १७६९ पासून संघर्ष पेटला आणि १७७३ मध्ये ब्रिटिशांना तह करावा लागला. जगातली सर्वांत मोठी नौदलसत्ता एका छोट्या बेटावरच्या लोकांशी कागदावर सीमा आखून घेते, ही काही लहान गोष्ट नव्हती.

याच काळात ब्रिटिशांनी एक शब्द पक्का केला. 'ब्लॅक कॅरिब'. वरवर पाहिलं तर नुसतं वर्णन. पण त्यातून निघणारा युक्तिवाद असा होता: हे खरे मूळनिवासी नाहीतच, हे तर आफ्रिकेतून आलेले उपरे, मग यांचा जमिनीवर हक्क कसला? या लोकांचा इतिहास सांगणारं एक गाजलेलं इंग्रजी पुस्तक १७९५ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं. त्याचा कर्ता सर विल्यम यंग, आणि त्याच्या घराण्याचे त्याच बेटावर मळे. म्हणजे ज्याला जमीन हवी, त्यानेच जमीनवाल्याची वंशावळ लिहायची! सात-बारावर डोळा ठेवणारा भाऊबंद आपल्याकडेही असतो, पण तो निदान पुस्तक तरी काढत नाही.

त्याच १७९५ मध्ये दुसरं युद्ध सुरू झालं. नेता होता जोसेफ शातुये. तिकडे फ्रान्समध्ये क्रांती झालेली, कॅरिबियनमधले फ्रेंच क्रांतिकारक ब्रिटिशांच्या विरोधात, आणि शातुयेने त्यांच्याशी हातमिळवणी केलेली. युद्धाच्या सुरुवातीलाच, १४ मार्चला, डॉर्सेटशर हिलवर तो मारला गेला. तरी लढाई वर्षभर चालली. १७९६ च्या उन्हाळ्यात जनरल राल्फ ॲबरक्रॉम्बीच्या मोठ्या फौजेने ती मोडून काढली. त्यानंतरचे महिने जास्त भयंकर. पिकं जाळली, घरं जाळली, होड्या फोडल्या. लढणारे उपासमारीने शरण आले. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांना गोळा करून बालिसो नावाच्या एका छोट्या बेटावर ठेवलं. तिथे प्यायला पुरेसं पाणी नव्हतं. चार हजारांहून जास्त माणसं आणि मग साथीचा रोग. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसं मेली.

उरलेल्यांना मार्च १७९७ मध्ये जहाजांत चढवलं. ज्यांची कातडी उजळ दिसली, त्यांना 'खरे कॅरिब' ठरवून बरेचसे मागे ठेवले. १२ एप्रिल १७९७ रोजी सुमारे २,००० लोक आताच्या होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवले गेले. हे बेट स्पेनच्या हक्काचं. ब्रिटन आणि स्पेन तेव्हा युद्धात. आपली डोकेदुखी शत्रूच्या दारात नेऊन सोडायची, असा तो हिशोब.

थोड्याच दिवसांत स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांना मुख्य भूमीवर त्रुहियोला जाऊ दिलं. तिथून ते किनाऱ्याने पसरत गेले. होंडुरास, ग्वाटेमाला, निकाराग्वा, आणि १८०२ च्या सुमारास बेलीझ. १८३२ मध्ये होंडुरासमधल्या राजकीय धुमश्चक्रीतून निघून आलेहो बेनी याच्याबरोबर एक मोठा गट डंगरीगात आला. दरवर्षी १९ नोव्हेंबरला पहाटे गावातले लोक होड्यांतून समुद्रात जातात आणि केळीची पानं, कसावाची झाडं, ढोल घेऊन परत किनाऱ्याला लागतात. ते आगमन पुन्हा जगतात. हा दिवस साजरा व्हावा म्हणून धडपडला तो थॉमस व्हिन्सेंट रामोस. १९४१ मध्ये त्याने सुरुवात केली, १९४३ मध्ये दक्षिण बेलीझमध्ये सुट्टी मिळाली, आणि १९७७ पासून ती सगळ्या देशाची सुट्टी झाली.

आता मूळ प्रश्नावर येऊ. या लोकांनी स्वतःचा इतिहास कुठे लिहून ठेवला? तहाचे कागद ब्रिटिशांचे. युद्धाचे अहवाल ब्रिटिशांचे. जहाजावरच्या माणसांची मोजदादसुद्धा ब्रिटिशांची. मी दिवसभर सॉफ्टवेअरचे लॉग वाचणारी मुलगी. कुठे काय घडलं हे कुणी सांगितलं नाही, तरी लॉगमध्ये खुणा राहतात, ही माझी रोजची भाकरी आहे. गरिफुनांच्या बाबतीत तो लॉग म्हणजे त्यांची भाषा.

आकडेच ऐका. एक म्हणजे अबन, दोन बियामा, तीन उरुवा. इथपर्यंत जुनी बेटावरची भाषा. पुढे? चार गादुरु, पाच सेंगु, सहा सिसी, सात सेदु, आठ विदु, नऊ नेफु, दहा दिसी. तुमच्यापैकी कुणी ड्युओलिंगोवर फ्रेंच सुरू करून सोडून दिलं असेल, तर त्यालाही कळेल की हे कात्र, सँक, सिस, सेत आहे. अठराव्या शतकात सेंट व्हिन्सेंटवर फ्रेंच शेतकरी राहायला आले होते, त्यांच्याशी देवघेव होती. तीनपर्यंत घरातलं मोजायचं, त्यापुढे बाजारातलं! त्यावर स्पॅनिश शब्दांचा थर होंडुरासचा, इंग्रजीचा थर बेलीझचा. आफ्रिकन शब्द मात्र फार थोडे. आफ्रिका उरली ती ढोलात, नाचात, पितरांसाठीच्या विधींत. म्हणून गावात शिरताना ढोल.

आपल्या मराठीतही हे थर आहेतच की. कागद, जमीन फारसीतून. चावी, पगार पोर्तुगीजांकडून. फरक इतकाच की आपल्याकडे बखरी आहेत, दफ्तरं आहेत, ताम्रपट आहेत. भाषा विसरलो तरी बाकीचं शिल्लक राहील, अशी आपली एक बेफिकिरी असते. त्यांच्याकडे तो बॅकअप नाही.

दुसरा लॉग स्वयंपाकघरात. कडू कसावामध्ये विष असतं, पोटात गेलं तर सायनाइड तयार होतं. म्हणून कसावा आधी खडे बसवलेल्या लाकडी पाटावर किसायचा. मग रुगुमा नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरून, ती ताणून विषारी रस पिळून काढायचा, चाळायचा आणि मोठ्या तव्यावर भाकरी भाजायची. तिला म्हणतात एरेबा. कडक, कोरडी, महिनोन्‌महिने टिकणारी. हे तंत्र कोलंबसाच्या आधीचं. हद्दपारीच्या जहाजावर बायकांनी कसावाचे तुकडे कपड्यांत लपवून नेले, अशी गोष्ट गरिफुना सांगतात.

आणि कसावा आपल्या ओळखीचाच. उपासाची साबुदाण्याची खिचडी होते ती याच कंदाच्या पिठापासून, तोही पोर्तुगीजांच्या वाटेने अमेरिकेतून आलेला. उलट दिशेनेही काही गेलं. डंगरीगात मी हुदुत खाल्लं, म्हणजे कुटलेली केळी आणि नारळाच्या दुधातली मासळी. पहिल्या घासाला मालवण आठवलं. कॅरिबियन किनाऱ्यावरचा हा नारळ पोर्तुगीजांनी हिंदी महासागराकडून तिकडे नेलेला. म्हणजे आपण एकमेकांच्या ताटात चारशे-पाचशे वर्षांपासून आहोत, फक्त ओळख झालेली नव्हती.

मी राहिले त्या घरची मालकीण बहिणीशी फोनवर गरिफुनात बोलायची. नातवाशीही गरिफुनात. नातू उत्तर द्यायचा बेलीझच्या क्रिओल इंग्रजीत. त्याला सगळं कळत होतं, पण तोंडात येत नव्हतं. हे दृश्य पुण्या-मुंबईच्या किती घरांत दिसतं, तुम्हीच सांगा.

ही भीती नवी नाही. बेलीझचा गायक अँडी पलासिओ १९८० मध्ये निकाराग्वात साक्षरता मोहिमेसाठी गेला होता. तिथल्या गरिफुना वस्तीत भाषा जवळपास संपलेली. या तरुणाच्या तोंडून ती ऐकून एका म्हाताऱ्याचा विश्वासच बसेना. ज्या सेंट व्हिन्सेंटवर ही भाषा जन्मली, तिथेही आता ती घराघरांतून गेली आहे. पलासिओने पुढे गाणीच गरिफुनात करायची ठरवली. २००७ मध्ये त्याचा 'वातिना' हा अल्बम आला, जगभर गाजला, आणि जानेवारी २००८ मध्ये तो गेला, पन्नाशीही न गाठता. युनेस्कोने २००१ मध्ये गरिफुना भाषा, नृत्य आणि संगीताचा गौरव केला, ते बरंच झालं. पण प्रमाणपत्राने नातू बोलायला लागत नाही.

आणि जमिनीचं जुनं भांडणही मिटलेलं नाही. होंडुरासमध्ये गरिफुनांच्या सामाईक किनाऱ्यांवर रिसॉर्ट आणि बंगल्यांची नजर आहे. २०१५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की होंडुरास सरकारने त्रिउन्फो दे ला क्रूस या गावाचा जमिनीचा हक्क डावलला. २०२० च्या जुलैमध्ये त्याच गावच्या समितीच्या तरुण अध्यक्षाला आणि आणखी काही जणांना पोलिसी गणवेशातल्या लोकांनी घरांतून उचलून नेलं. ते परत आले नाहीत. 'कुणाला माहीत नसलेला, रिकामा बीच' असं कॅप्शन वाचलं की आता मला १७६३ नंतरचे मोजणीदार आठवतात. रिकामा कुणासाठी?

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. हेडफोन काढायच्या आधी 'वातिना' शोधा आणि लावा. शब्द कळणार नाहीत, हरकत नाही. मध्येच कुठे ओळखीचा आकडा कानावर पडला तर मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच!